नलू, झाकणाखाली एक दाणा सापडला होता

नलू,

कर्मचारी अंकात तुझ्यावर दोन पानं लिहायला मला सांगितलंय. सांगणाऱ्यांचा हिशेब सरळ आहे : कुसुम पगारे तुझी सगळ्यांत जुनी मैत्रीण, तिच्याइतकं तुला कोण ओळखतं? ते खरं आहे. म्हणूनच मी लगेच हो म्हटलं. तुझं गाव, तुझं शिक्षण, तुझा मनमिळाऊ स्वभाव हे गेटजवळच्या फळ्यावर खडूनं लिहून झालंय. मी वाचलं. अक्षर चांगलं आहे.

मला लिहायचंय ते वेगळं. सात वर्षं ते तुझ्या तोंडावर म्हणायचं राखून ठेवलं होतं. आता तोंडावर म्हणायची सोय तू ठेवली नाहीस, तेव्हा छापून म्हणते. अंक सगळ्या खात्यांत जातो, हे एक बरं आहे.

आधी तुझं देणं मान्य करते, म्हणजे मागून कुणी मला कृतघ्न म्हणायला नको. आपण दोघी आणीबाणीच्या वर्षी एकाच आठवड्यात सातपूरच्या या कारखान्यात पंच ऑपरेटर म्हणून लागलो. तू देवळ्याची, मी नाशिकरोडला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतली. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका वयस्क बाईनं माझं आडनाव विचारलं आणि आपला डबा हळूच टेबलाच्या टोकाला सरकवला. तू ते पाहिलंस. तू उठलीस, माझ्यासमोर बसलीस, माझ्या डब्यातली अख्खी भाकरी उचललीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "हाई काय शे? ठेचा इतका कमी? उद्या जास्त आण." मी दुसऱ्या दिवशी जास्त आणला. त्यानंतर मी कधी एकटी जेवले नाही.

हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर पुढचं इतकं लागलं नसतं.

पाच-सहा वर्षं आपण कार्डांना भोकं पाडली. मग कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडक्या सील, एअरकंडिशनर, दाराबाहेर चपलांची मांडणी. कँटीनमध्ये सगळे म्हणायचे, "देव बसवलाय साहेबांनी." ते मशीन नीट ठेवायचं काम आपल्या दोघींकडे आलं, कारण आपली कार्डं सगळ्यांत कमी चुकायची.

मुंबईहून आलेल्या इंजिनिअरनं भिंतीवर एक चित्र लावलं होतं, आठवतं? डिस्क फिरते आणि तिच्यावर वाचणारं डोकं तरंगतं, त्या दोघांमधली फट केवढी, ते दाखवणारं. शेजारी माणसाचा केस काढला होता, लाकडाच्या ओंडक्याएवढा. धुराचा कण म्हणजे धोंडा. बोटाचा ठसासुद्धा त्या फटीपेक्षा उंच. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "म्हणजे साहेबांनी विडी ओढून आत फुंकर मारली तर मशीन मेलं?" इंजिनिअर म्हणाला, "मेलं." तू म्हणालीस, "मग साहेबांनाच बाहेर ठेवा." खोलीभर हसू झालं. त्या दिवसापासून साहेब आत यायच्या आधी तोंड धुऊन येऊ लागले.

धुळीवरून आपण जेवढ्या भांडलो तेवढ्या नवऱ्यांशीही भांडलो नसू. बाहेर रस्ते उकरलेले, शेजारी फाउंड्री, नव्या वसाहतींची बांधकामं. धूळ काही विचारून यायची नाही. केरसुणी आत आणायची नाही, हे आपल्या दोघींना मान्य होतं, कारण केरसुणी धूळ काढत नाही, उडवते. पुढे सगळा वाद. तू चालू मशीनवर फुंकर मारायचीस. मी म्हणायचे, "तो चहा आहे का गं? थुंकी उडते." तू पंख्याच्या पात्यांवर ब्लोअर सोडायचीस आणि पातं गरागरा फिरलं की खूश व्हायचीस. मी सांगायचे, आधी पेन्सिल अडकवून पातं धर, नाहीतर उलटं फिरून बेअरिंग जाईल. स्पिरिट तू थेट मशीनवर ओतायला निघायचीस. मी बाटली हातातून घेऊन फडक्यावर दोन थेंब टाकायचे. आणि तुझ्या त्या नायलॉनच्या साड्या! हात लावला की चटका बसायचा. आत सुती साडी नेसायची आणि कशालाही हात लावण्याआधी लोखंडी चौकटीला टेकवायचा, हा नियम इंजिनिअरनं घालून दिला होता. तू म्हणायचीस, "कुसे, देवळातल्या घंटेसारखं झालं हे. आधी घंटा, मग दर्शन." आणि खरंच नमस्कार केल्यासारखा हात टेकवायचीस.

तिथेच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी. अख्खा कारखाना झेंडूनं पिवळा. लेथ, प्रेस, दारातले टेम्पो, कँटीनचा मोठा स्टोव्हसुद्धा हळदकुंकू लावून बसलेला. आपल्या खोलीबद्दल साहेबांचा लेखी हुकूम होता : पूजा उंबरठ्याबाहेर, आत काहीही न्यायचं नाही. उंबरठ्याबाहेर एक नारळ फुटला, झालं. तुला ते सोसलं नाही. दुपारभर तुझं एकच चाललेलं, "सगळ्या मशीनी सजल्या, आणि आपलीच तेवढी उघडीबोडकी बसलीय. बरं दिसतं का?"

मी म्हटलं, "ती थंड हवा खाते नले, कुंकू खात नाही."

"तुला नाही कळायचं," तू म्हणालीस. रागानं नाही, साधंच म्हणालीस. मला लागलं, पण थांबायला वेळ नव्हता. दसऱ्याला आमच्याकडे विहारात कार्यक्रम असतो, त्याची तयारी होती, मला लवकर निघायचं होतं. मी मशीन बंद केलं, सगळं नेहमीच्या क्रमानं साफ केलं, सफाईच्या रजिस्टरमध्ये तारीख टाकून सही केली आणि खोलीची किल्ली तुझ्या हातात दिली. तू म्हणालीस, "तू जा, मी दहा मिनिटांत कुलूप लावते."

त्या दहा मिनिटांत तू काय केलंस, ते पुढे जे हाती लागलं त्यावरून आणि तुझ्या सवयींवरून मी जुळवलं. तू डिस्कचं झाकण उघडलंस, आतल्या काठाला हळदकुंकू लावलंस, अक्षता वाहिल्यास, उदबत्ती ओवाळलीस. मग पदरानं काठ पुसलास, सांडलेल्या अक्षता वेचल्यास आणि झाकण लावलंस. पदरानं! आपण इतक्या भांडलो, त्यातून एवढंच उरलं तुझ्या डोक्यात, की नंतर पुसायचं असतं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आपण आलो. मी मशीन सुरू केलं. डिस्क फिरू लागली आणि उलथन्यानं तवा खरवडावा तसा आवाज आला. मी बटण बंद केलं. स्टोअरची सगळी नोंद त्या डिस्कवर होती. तिची दुसरी प्रत लोखंडी कपाटात होती. मी खराब झालेली डिस्क उतरवली, कपाटातून चांगली आणली आणि त्याच मशीनवर चढवली.

ही माझी चूक. इथे स्पष्ट लिहिते. आधी मशीन तपासायचं, मग दुसरी डिस्क लावायची. ते मला सुचायला हवं होतं, सुचलं नाही. पण मी कपाटाकडे गेले, कुलूप काढलं, डिस्क आणली, झाकण उघडलं, या सगळ्याला दोन मिनिटं तरी लागली असतील. तू माझ्या मागे उभी होतीस. त्या खोलीत आत काय पडलंय हे ठाऊक असलेली तू एकटी होतीस. "थांब" एवढा एक शब्द पुरला असता.

तू म्हणाली नाहीस. दुसरीसुद्धा खरवडली गेली.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. आत तपकिरी भुकटीचा नुसता खच पडला होता, डिस्कच्या वरचा थरच निघाला होता, त्यात तुझं कुंकू वेगळं ओळखू आलं नाही. त्यानं लिहून दिलं, बाहेरची धूळ आत गेली. साहेबांनी रजिस्टर मागवलं. शेवटची सही माझी. मग तुला बोलावलं, आणि मी तिथेच उभी असताना विचारलं, "देवरेबाई, नवमीला तुम्ही आत गेला होता?"

"नाही साहेब. मी फक्त कुलूप लावलं."

"मग हे कशानं झालं असेल?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणालीस, "कुसुम कधीकधी ओलं फडकं वापरते."

ओलं फडकं! नलू, तुझ्या हातातून स्पिरिटची बाटली काढून घेणारी मी!

मेमो आला. निष्काळजीपणे केलेली सफाई, कंपनीच्या नोंदींचं नुकसान. माझी बदली डिस्पॅचला. तू खोलीची इन्चार्ज. सगळा स्टोअर पुन्हा पहिल्यापासून मशीनमध्ये भरायला दिवाळी उलटून गेली, आणि ते काम करणाऱ्या मुलींना माझं नाव घेऊन शिव्या द्यायची मुभा होती.

खोली तुझ्या ताब्यात द्यायच्या दिवशी मी शेवटची सफाई केली. तू दाराशी उभी राहून बघत होतीस. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी होती, ती मी ब्रशनं उचलली. पट्टीखाली तांदळाचा एक दाणा होता. लाल, हळदीची कड असलेला.

मी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. तू तो दाणा पाहिलास. माझ्या पर्समध्ये सेफ्टीपिनांची प्लॅस्टिकची डबी होती. मी पिना ओतून टाकल्या, दाणा डबीत ठेवला आणि टक् करून झाकण लावलं. तो आवाज तुला ऐकू जावा म्हणून जरा जोरातच लावलं.

अंक वाचणारे विचारतील, मग बाई, तेव्हाच दाणा साहेबांपुढे का ठेवला नाही? मी फार मोठ्या मनाची म्हणून नाही. मी साहेबांच्या दारापर्यंत गेले होते. बाहेरच्या बाकावर बसून विचार केला. ज्या कारखान्यात स्टोव्हलासुद्धा कुंकू लागतं, तिथे पगारेबाईनं जाऊन सांगायचं, की पूजेनं मशीन बिघडलं. साहेबांनी दाणा बघितला नसता, माझं आडनाव बघितलं असतं. पगारेबाई पूजेवर उठली, हे संध्याकाळच्या आत गेटपर्यंत पोचलं असतं. हे तुलाही माहीत होतं. त्याच भरवशावर तू दाराशी इतकी शांत उभी होतीस.

मग मी ठरवलं, साहेबांना नाही, तुलाच दाखवत राहायचं.

डिस्पॅच म्हणजे गेटजवळची शेड. खोकी, भुसा, ट्रकची धूळ. सात वर्षं मी तिथे काढली आणि माझा टाइपरायटर कारखान्यात सगळ्यांत स्वच्छ ठेवला. आणि दर खंडेनवमीला, दुपारी, मी कँटीनच्या वाटेनं न जाता लांबून तुझ्या खोलीवरून जायचे. तू दारात स्टूल टाकून बसलेली असायचीस. मी थांबायचे, सगळ्यांदेखत हसून विचारायचे, "काय नलिनीबाई, पूजा झाली का?"

बस, एवढंच. बाकीच्यांना वाटायचं, काय जिव्हाळा! तुझा चेहरा मात्र दरवेळी उतरायचा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू? सबंध वर्षात तेवढं एक मिनिट मला फार बरं वाटायचं.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी तू स्टुलावरून उठून माझ्यामागे आलीस. "कुसे, तुला हवंय तरी काय?"

"मला? काही नाही. सहज विचारलं."

"ती डबी अजून आहे?"

"कुठली गं?" मी म्हटलं आणि निघाले. संक्रांतीला तू माझ्याकडे तिळगूळ पाठवायचीस. मी खायचे. तिळगूळ चांगला व्हायचा तुझा.

या श्रावणात तू दवाखान्यात होतीस. मी गुरुवारी यायचे, कारण गुरुवारी डिस्पॅचला काम कमी. दुसऱ्या गुरुवारी तू नवऱ्याला चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवलंस आणि माझं मनगट धरलंस. हात अगदी हलका झाला होता. म्हणालीस, "कुसे, त्या नवमीला मी..."

मी म्हटलं, "बोलू नकोस. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं. ते तुलाही ठाऊक होतं. तू माझ्याकडे पाहत राहिलीस आणि मी उशी नीट केली, तांब्यात पाणी भरलं, मोसंब्याची सालं कागदात गुंडाळली. सात वर्षं तू गिळून बसलीस, आणखी एक आठवडा गिळ, असं माझ्या मनात होतं. पुढच्या गुरुवारी मी तुला बोलू देणार होते. तसं मी ठरवलं होतं, नलू. शेवटपर्यंत ऐकणार होते, मधे तोडणार नव्हते.

तू मंगळवारी गेलीस.

त्याचा राग मला अजून आहे. तुझ्यावर आहे, आणि थोडा गुरुवारवर आहे. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही.

तू गेल्यावर नव्या साहेबांनी मला बोलावलं. त्या खोलीची पहिल्यापासून माहिती असलेलं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. सात वर्षांनी मी चपला मांडणीवर ठेवल्या आणि आत गेले. मशीन नवीन, लहान. भिंत तीच. केसाच्या ओंडक्याचं चित्र पिवळं पडलंय आणि त्याच्या शेजारी तुझ्या अक्षरात सफाईचे नियम लावलेत. मी उभ्या उभ्या वाचले. बंद करून थांबावे. चौकटीला हात टेकवावा. पंख्याचे पाते पेन्सिलीने धरावे. तोंडाने फुंकू नये. स्पिरिट फडक्यावर घ्यावे. एकूण एक नियम माझा, क्रमसुद्धा माझा. सगळ्यांत खाली, दोन रेघा मारून : मशीनजवळ हळदकुंकू, अक्षता, उदबत्ती आणू नये. कोणीही.

तुझ्या हाताखालची मंगल म्हणाली, "नवमीला तर बाई सकाळपासून दारात स्टूल टाकून बसायच्या. कुणाच्या हातात फूल दिसलं तरी ओरडायच्या. जेवायला उठायच्या नाहीत."

म्हणजे ते स्टूल त्यासाठी होतं. मला वाटायचं, माझ्या धाकानं बसतेस.

हे कळल्यावर माझं मन विरघळलं असं कुणी समजू नये. नियम लिहिणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. त्या कागदावर सगळं आहे, माझं नाव नाही. "कोणीही" असं लिहिलंस. "मी" असं लिहायला शाई तेवढीच लागली असती.

काल तुझी शोकसभा होती, खोलीच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये. मी पाच मिनिटं आधी पोचले तर पॅसेज रिकामा. सगळे आत! तुझा हार घातलेला फोटो त्यांनी मशीनच्या कॅबिनेटवर उभा केला होता. काचेवर ठसठशीत कुंकू, समोर पेटलेली उदबत्ती, वाटीत फुलं आणि अक्षता. मंगल डोळे पुसत होती. "बाईंचा जीव या खोलीत होता म्हणून..."

नलू, मला हसू आलं. आधी हसूच आलं. मग मी उदबत्ती उचलली, फोटो काखेत मारला, वाटी घेतली आणि सगळं बाहेर आणलं. चपलांच्या मांडणीशेजारी तुझं ते स्टूल होतं, त्याच्यावर तुला ठेवलं. नवे साहेब म्हणाले, "अहो पगारेबाई, जरा भावना समजून घ्या."

मी म्हटलं, "साहेब, कुंकवाला माझी हरकत नाही. पण बाहेर. भिंतीवर नियम आहे, तिच्याच अक्षरात आहे."

मग त्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी सांगितलं की मी लिहून देणार आहे आणि त्या अंकाची एक प्रत माझ्या सर्व्हिस फाइलमध्ये, त्या मेमोच्या मागे लावावी. ते म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसाबद्दल आता कशाला..."

"माणूस गेलाय साहेब. मेमो आहे अजून."

लावतो म्हणाले. लावली की नाही, हे मी स्वतः जाऊन बघणार आहे.

सगळे पांगल्यावर मी डबी काढली. दाण्याचा लाल रंग उडालाय, हळद थोडी शिल्लक आहे. तुझ्या फोटोपुढच्या वाटीत तो टाकला. तुझा होता, तुला परत केला. बाकीच्या अक्षतांत मिसळून गेला, आता कुणाला काढून दाखवता येणार नाही. क्षमा केली का, असं विचारू नकोस. मनगट धरून विचारलं असतंस तर काहीतरी उत्तर दिलं असतं.

मग हात धुतले आणि आत गेले. मशीन बंद करून थांबले. चौकटीला हात टेकवला. तुझ्या सभेनं भरपूर केर केला होता. झेंडूच्या पाकळ्या, उदबत्तीची राख. ब्रशनं फटी काढल्या, पेन्सिल अडकवून पंखा साफ केला, फडक्यावर दोन थेंब घेऊन काच पुसली. फडकं कोरडं होतं, हे मंगलला हात लावून बघायला लावलं. शेवटी झाकण उघडलं आणि आतला काठ बॅटरी घेऊन सगळीकडून तपासला.

रजिस्टर काढलं. तारीख टाकली, सही केली. शेऱ्याचा रकाना आपण दोघींनी इतक्या वर्षांत कधी भरला नव्हता. त्यात लिहिलं : कुंकू आढळले नाही.